निवासमित्राची अब्रू

दिल्लीतल्या मराठी माणसांकडे लग्न किंवा डोहाळजेवण निघालं, की हलवायाच्या आधी सुनंदा टिपणीसांना फोन जातो. कारण उखाणे. इथे वाढलेल्या मुलींना मराठी येतं, पण ते पोळीभाजीपुरतं. 'उंबरठा' म्हटलं की त्या विचारतात, "म्हणजे चौखट ना, काकू?" अशा मुलीला चार बायकांत उभं करून यमकात नवऱ्याचं नाव घ्यायला लावायचं म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलायचं. मग सुनंदाबाई फोनवर चौकशी करतात. मुलाचं नाव काय, करतो काय, आणि तुला त्याचं काय आवडत नाही? शेवटच्या प्रश्नाला मुलगी हसते आणि उखाणा नेमका तिथूनच निघतो.

बाई मूळच्या महाडच्या. लग्न होऊन दिल्लीत आल्या त्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. तोंडाच्या फटकळ, पोटात एक आणि ओठावर एक हा प्रकार त्यांना जन्मात जमला नाही. सरोजिनी नगरच्या बाजारात त्या शिरल्या की स्वेटरवाले एकमेकांना खुणावत, "मराठी आंटी आ गई, सही रेट बोल." कुणी खोटं बोललं की त्यांच्या नाकपुड्या फुगतात. ती त्यांच्या रागाची पहिली पायरी. दुसरी पायरी फार थोड्यांनी पाहिली आहे, आणि ही हकीकत त्या दुसऱ्या पायरीची आहे.

क्वार्टरच्या समोरच्या दारात प्रभा राहायची. नागपूरची, बोलायला मऊ. सुनंदानं भांडायचं आणि प्रभानं मिटवायचं, अशी दोघींनी कामाची वाटणीच करून घेतली होती. जून लागला की दोघी मिळून मुरांबा करत. प्रभा कैऱ्या सोलून किसायची, सुनंदा पाक करायची. पाक एकतारी झाला की नाही हे बोटावर बघायचा मान सुनंदाचा, आणि "अगं झाला गं, आता उतरव" म्हणायचा हक्क प्रभाचा. नवरे निवृत्त झाल्यावर दोन्ही घरांनी ठरवून फरीदाबादच्या बाहेर, नव्या सेक्टरातल्या एका टॉवरमध्ये फ्लॅट घेतले. सुनंदा नवव्या मजल्यावर, प्रभा तिसऱ्या. मुरांब्याची बरणी लिफ्टनं खाली-वर करू लागली.

सुनंदाबाईंचे यजमान गुणवंतराव कंपन्या नोंदवणाऱ्या सरकारी खात्यात होते. कारकून म्हणून लागले, सेक्शन ऑफिसर म्हणून सुटले. तोंडी बोललेल्या गोष्टीला ते गोष्टच मानत नसत. घरात साखर संपली आहे असं बायको म्हणाली तरी उठून डबा बघायचे. संध्याकाळी चहा घेताना मोठ्या समाधानानं सांगायचे, "आज चार बारशी केली." म्हणजे चार नव्या कंपन्यांचे दाखले निघाले.

"तुमच्या ह्या पोरांना तोंड कुठे असतं हो?" सुनंदाबाई विचारायच्या.

"थट्टा नाही, सुनंदा. कायद्यानं कंपनी ही व्यक्ती असते. जमीन घेते, खटला भरते, तिच्यावर भरता येतो. माणसासारखीच. उलट बरी. माणसासारखी मरत नाही."

"म्हणजे मजा तिची आणि मरण आमचं," बाई म्हणायच्या आणि कपबशा उचलायच्या. तेव्हा हे हसण्यावारी जात होतं.

नव्या टॉवरचा सगळा कारभार निवासमित्र नावाच्या कंपनीकडे होता. लिफ्ट, पाणी, पहारेकरी, जनरेटर. नावात मित्र, गेटवर हसऱ्या घराचं चित्र आणि खाली 'आपका अपना'. असल्या गोड नावांचा एक धडा आहे, आणि तो माणूस नेहमी उशिरा शिकतो. निवासमित्रनं डिझेल वाचवायला एक युक्ती काढली होती. वीज गेली की जनरेटर आपोआप सुरू व्हायचा, तो त्यांनी आपोआपचा बंद करून हातावर आणला. आता वीज गेली की सुपरवायझरनं कंपनीच्या ऑफिसला कळवायचं, तिकडून मंजुरी आली की मगच बटण दाबायचं. टॉवरमधल्या कुणाला हे ठाऊक नव्हतं. वीज गेली की लोक घाम पुसत म्हणायचे, "अरे यार, आज जनरेटर लेट है."

जूनच्या एका दुपारी सुनंदाबाईंनी पाक चढवला आणि प्रभाला फोन केला, "कीस घेऊन ये वर, लवकर." प्रभा निघाली. पण लिफ्टनं ती आधी खाली गेली, कारण तिला कोपऱ्यावरच्या गाडीवाल्याकडून वेलदोडे घ्यायचे होते. ते घेऊन ती परत लिफ्टमध्ये शिरली, दार लागलं, आणि वीज गेली. तळमजला आणि पहिला मजला यांच्या मध्ये लिफ्ट अडकली. आतला पंखा बंद, दिवा बंद. संकटाच्या वेळी चालायची बॅटरी कधीच मेलेली. बाहेर अशी लू चाललेली की कुत्रीसुद्धा गाड्यांखालून बाहेर येत नव्हती.

वर सुनंदाबाई पाकाजवळ उभ्या. वीज गेलेली कळली, पण त्यांना वाटलं, प्रभा खालीच थांबली असेल, बसली असेल गाडीवाल्याशी गप्पा मारत. पाक पुढे गेला, कडक झाला. "ही बाई कधी वेळेवर येणार नाही," असं त्या पातेल्याला म्हणाल्या. ते वाक्य त्यांना पुढे जन्मभर पुरणार होतं.

वीज आली तेव्हा लिफ्टचं दार उघडलं, आणि प्रभा कोपऱ्यात बसलेली होती. किसाचा डबा मांडीवर, झाकण घट्ट. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय थांबलं.

पोलीस आले, त्यांनी आकस्मिक मृत्यू लिहिला. सुनंदाबाई चौकीवर गेल्या, म्हणाल्या, जनरेटर ज्यानं चालू केला नाही त्याला धरा. हवालदार वाईट माणूस नव्हता. त्यानं समजावलं, "माताजी, जयदीप कहता है कंपनी का रूल था. मैनेजर कहता है कंपनी की पॉलिसी थी. अब कंपनी को हथकड़ी कैसे लगाएँ? हाथ ही नहीं हैं उसके." जयदीप म्हणजे टॉवरचा सुपरवायझर. कंपनीनं लिफ्टमध्ये एक कागद चिकटवला: निवासमित्र परिवाराला तीव्र दुःख झालं आहे. प्रभाचे यजमान श्यामराव तो कागद वाचत लिफ्टमध्ये उभे राहायचे. महिन्याभरात ते फ्लॅटला कुलूप घालून नागपूरला भावाकडे निघून गेले.

त्या दिवशी गुणवंतराव खालीच होते. दूध घेऊन आले आणि लिफ्टपाशी अडले, एवढं सुनंदाबाईंना ठाऊक होतं. पण त्यांनी कधीही विचारलं की ते म्हणत, "वीज नव्हती, सुनंदा. काय सांगणार?" आणि वर्तमानपत्र उघडून तोंडापुढे धरत. बाईंना वाटलं, धक्का बसलाय. चाळीस वर्षं ज्याच्याशी संसार केला त्याच्या तोंडासमोरचा कागद ओढावासा त्यांना तेव्हा वाटला नाही.

जानेवारीत संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. दर वर्षी प्रभा आणि सुनंदा मिळून करत. या वर्षी करू नये असं बायकांनी सुचवलं. सुनंदाबाई म्हणाल्या, "करणार. तिनं आणून ठेवलेली वाणाची भांडी काय पुरून टाकू?" पंधराएक बायका जमल्या. पुरुषमाणसं रिवाजाप्रमाणे घराबाहेर गेली. तिळगूळ झाला, वाण लुटलं, आणि मग बायकांनी गलका केला, "काकू, उखाणा!" खालच्या मजल्यावरच्या हेमांगीनं, जिच्या लग्नाचे सगळे उखाणे सुनंदाबाईंनी केलेले, मोबाइल वर धरला.

सुनंदाबाई उठल्या. पदर खोचला. त्यांनी काही ठरवलेलं नव्हतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. पण ओठांवर आलं ते असं:

"लिफ्ट बंद, पंखा बंद, बंद माणुसकीचं दार,
प्रभाला मारलं निवासमित्रानं, गुणवंतराव साक्षीदार!"

मग एक म्हातारी टाळ्या वाजवू लागली आणि वाजवता वाजवता रडायला लागली.

उखाण्यात नवऱ्याचं नाव यावंच लागतं. ते आलं नाही तर तो उखाणाच नव्हे. 'साक्षीदार' यमकासाठी आला, आणि त्या दिवशी नवरा खाली होता म्हणून खराही वाटला. आपण काय बोलून गेलो हे बाईंना तेव्हा कळलं नव्हतं.

घोळ हेमांगीनं केला. व्हिडिओ तिला मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकायचा होता, तो तिनं सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. टॉवरमधल्या निम्म्या पंजाबी आणि हरियाणवी बायकांनी विचारलं, "आंटी क्या बोल रही हैं?" कुणीतरी खाली हिंदीत अर्थ लिहिला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या सेक्टरांत, मग जिथे जिथे निवासमित्रचं हसरं घर लटकत होतं तिथे तिथे, सुनंदाबाई पदर खोचून उखाणा घेत होत्या.

आठवडा झाला आणि नोटीस आली. वकील परीक्षित सचदेवा यांनी आपल्या अशिलातर्फे, म्हणजे निवासमित्र केअर प्रायव्हेट लिमिटेडतर्फे, कळवलं होतं की एका 'पद्यमय विधानाने' त्यांच्या अशिलाची गंभीर बदनामी झाली असून अशिलाला मनःस्ताप भोगावा लागत आहे. बाईंनी बदनामी ज्या स्वरूपात केली त्याच स्वरूपात, सर्वांसमक्ष, माफी मागावी. ती कंपनी चित्रित करेल. नाहीतर दिवाणी आणि फौजदारी दोन्ही.

"त्याच स्वरूपात म्हणजे?" सुनंदाबाईंनी विचारलं.

गुणवंतरावांनी चष्मा पुसला. "म्हणजे... उखाण्यात."

बाईंच्या नाकपुड्या फुगल्या. ज्या तोंडानं प्रभाचा न्याय मागितला, त्याच तोंडानं, त्याच यमकात, प्रभाला कुणी मारलंच नाही असं म्हणायचं! ज्यांच्या अंगात दुसऱ्याचं गिळून ढेकर द्यायचा निर्लज्जपणा आहे त्यांनाच असल्या मागण्या सुचतात.

"आणि कंपनीला मनःस्ताप होतो? तुमच्या त्या बारसं केलेल्या पोरांना मन असतं? चाळीस वर्षांत कधी सांगितलं नाहीत."

"मन नसतं. पण अब्रू असते. कायदा तसा आहे, सुनंदा."

"वा! हातकडी घालायला हात नाहीत, आणि थोबाडीत बसली म्हणून रडायला गाल आहेत!"

गुणवंतराव म्हणाले, "माफी मागून टाक. सिद्ध करायला पुरावा लागतो. आपल्याकडे लेखी काय आहे?" गुरुग्रामला नोकरी करणाऱ्या मुलाचा, चिन्मयचा, फोन आला. "आई, यार, सॉरी म्हणून टाक ना. दोन ओळींचा तर प्रश्न आहे. ह्या लोकांकडे वकिलांची फौज असते. तू एकटी काय करणार?"

"दोन ओळींचाच प्रश्न आहे तर ती कंपनी म्हणेल का दोन ओळी प्रभामावशीसाठी?" बाईंनी विचारलं आणि फोन ठेवला.

पण राग कितीही असला तरी भीती स्वयंपाकघरात शिरतेच. फौजदारी या शब्दानं त्यांना रात्रभर डोळा लागेना. आपल्यामुळे ह्या वयात नवऱ्याला कोर्टाची पायरी चढावी लागेल, लोक बोट दाखवतील. शेवटी त्यांनी निरोप पाठवला: येते. उखाणा घेते.

रविवारी सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये खुर्च्या मांडल्या गेल्या. अर्धा टॉवर जमला. तमाशा फुकटचा होता. कंपनीकडून वकील सचदेवा, सुगंधी रुमालानं नाक टिपणारी एचआरची बाई, सुपरवायझर जयदीप आणि कॅमेरावाला. सुनंदाबाई आल्या त्या हातात हळदीकुंकवाचं तबक घेऊन. मागून गुणवंतराव, मान खाली घालून.

बाईंनी एक रिकामी खुर्ची ओढून पुढे आणली. वकिलाला म्हणाल्या, "बुलाइए. बिठाइए उन्हें."

"किसे, मैडम?"

"निवासमित्र को. जिसका मन दुखा है. उखाणा किसी के सामने बोलते हैं, कुर्सी के सामने नहीं. और पहले बता दीजिए, औरत है कि मर्द? हल्दी-कुमकुम लगाऊँ या टीका?"

मागून हसू फुटलं. सचदेवांनी समजूत घालायचा सूर लावला. "मैडम, कंपनी एक कानूनी व्यक्ति है. उसकी भी इज़्ज़त होती है."

"बिल्कुल. इज़्ज़त है तो शरम भी होगी. वो कहाँ रखी है?" मग एचआरच्या बाईकडे वळून, "आपका मन दुखा?"

"मैं तो जॉब करती हूँ, आंटी."

"तुम्हारा, जयदीप?"

"मैं तो ठेके पर हूँ, माताजी," जयदीप पायांकडे बघत म्हणाला.

"आपका, वकील साहब?"

"मैं सिर्फ़ वकील हूँ."

"म्हणजे कुणालाच दुखलं नाही," बाई मराठीत म्हणाल्या, स्वतःशीच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "दुखलं ते प्रभाला, आणि मला. माफी मात्र मीच मागायची."

सचदेवांना आता घाई झाली. कॅमेरा चालू ठेवून त्यांनी कंपनीचं निवेदन वाचायला घेतलं, म्हणजे माफी कशाबद्दल ते नीट यावं. कंपनीच्या नोंदीनुसार त्या दिवशी वीज जाताच जनरेटर तत्काळ सुरू करण्यात आला होता. लिफ्टमध्ये तांत्रिक बिघाड होता. मृत महिलेला आधीपासून हृदयविकार होता, आणि तिनं मदतीसाठी कोणतीही हाक दिली नव्हती.

गुणवंतरावांनी मान वर केली.

हा माणूस तोंडी गोष्टीवर कधी हलला नव्हता. बायकोचा आक्रोश त्यानं ऐकला, शेजाऱ्यांची कुजबुज ऐकली, तरी गप्प बसला. पण नोंदीत खोटं? नोंदीवर तारीख पडते, सही पडते, ती उद्या कोर्टात देवाच्या मूर्तीसारखी मांडली जाते. नोकरीभर त्यांनी एका फायलीत खोटा शब्द जाऊ दिला नव्हता. वरच्या साहेबानं दटावलं तरी. ते उठले आणि कॅमेऱ्यासमोर जाऊन उभे राहिले. ऑफिसात साहेबासमोर राहायचे तसे, हात बाजूला.

"दिखाइए ये रिकॉर्ड," ते म्हणाले.

"सर, आप बैठिए."

"मैं गुणवंत टिपणीस. मैं वहीं खड़ा था. जनरेटर चालू नहीं हुआ. मैंने जयदीप से कहा, चालू करो. जयदीप ने कहा, कंपनी की मंज़ूरी आने दो, मेल भेज दी है." मग ते मराठीवर आले, बायकोकडे बघत. "आणि मी म्हटलं, ठीक आहे. मला ते बरोबर वाटलं, सुनंदा. मंजुरीशिवाय कसं करणार, असं मला वाटलं. मी दाराला कान लावून उभा राहिलो. ती हाक मारत होती. मला म्हणाली, भावोजी, गुदमरतंय. मग म्हणाली, सुनंदाला सांगू नका, तिचा पाक गॅसवर आहे, तसाच टाकून धावत येईल."

जयदीपनं तोंड फिरवलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि तो ते कंपनीच्या बाहीला पुसत होता. "सच है," तो म्हणाला. "फ़ोन भी किया था मैंने. बोले, मेल पे आओ." एचआरच्या बाईनं कॅमेरावाल्याला हातानं खूण केली, बंद कर. पण तोवर खुर्च्यांवरून दहा-बारा मोबाइल वर झाले होते.

सुनंदाबाईंनी तबक त्या रिकाम्या खुर्चीवर ठेवलं आणि निघून गेल्या. लिफ्टनं नाही. नऊ मजले जिन्यानं चढल्या.

गुणवंतराव मागून धापा टाकत पोचले, तेव्हा त्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या होत्या.

"पाक गॅसवर आहे, असं म्हणाली ती?"

"हो."

"आणि मी वर तिला शिव्या देत होते. ती मरता मरता माझा पाक सांभाळत होती, तुम्ही खाली मंजुरीची वाट बघत होतात, आणि इतके महिने पेपराच्या आड लपून बसलात! कंपनीला हात नाहीत, तोंड नाही. तुम्हाला तर होते ना? तुमचे कुठे गेले होते?"

पुढे कितीतरी दिवस त्या घरात ताट वाढल्याचा आवाज तेवढा येत असे. बाईंनी क्षमा केली असं मी लिहिणार नाही, कारण तसं झालं नाही. त्यांनी एवढंच केलं: एके सकाळी शपथपत्राचा कागद आणि पेन त्यांच्या चहाशेजारी ठेवलं. गुणवंतरावांनी घडलेलं सगळं लिहिलं. 'मी ठीक आहे असे म्हणालो' हेसुद्धा लिहिलं, खोडलं नाही. जयदीपनंही सही केली आणि त्याच आठवड्यात त्याची नोकरी गेली.

निवासमित्रनं बदनामीचं प्रकरण गुंडाळलं. चौकीतली फाइल पुन्हा उघडली. बाईंना वाटलं, आता तरी. दर पंधरा दिवसांनी मेट्रो, मग रिक्षा करून त्या चौकीवर जात, बाकावर बसत, आणि "काम चल रहा है" ऐकून परत येत. असा उन्हाळा गेला, पावसाळा गेला. त्या वर्षी मुरांबा झाला नाही.

दिवाळीनंतर एका सकाळी गेटवरचं हसरं घर उतरलं होतं. तिथे नवी पाटी होती, हिरव्या रंगाची, दोन हात जोडलेले: 'गृहसखा'. पहारेकरी तेच, गणवेश तोच, खिशावर नवं कापड शिवलेलं. एचआरची बाईही तीच. रुमाल तेवढा बदललेला.

चौकीवर त्याच हवालदारानं कपाळाला हात लावला. "माताजी, वो कंपनी तो अब रही नहीं. बंद हो गई. समन किसके नाम भेजें?"

घरी येऊन सुनंदाबाईंनी विचारलं, "अहो, निवासमित्र कुठे गेली?"

गुणवंतरावांनी कॉम्प्युटरवर जुन्या खात्याची साइट उघडली, बराच वेळ बघितली. "मोडीत काढली. कायद्यानं ती आता अस्तित्वात नाही."

"म्हणजे मेली."

"हो. तसंच."

"तुम्ही तर म्हणायचात, मरत नाही."

"हवं तेव्हा मरते," गुणवंतराव हळूच म्हणाले. "आणि हवं तेव्हा पुन्हा जन्मते. ही नवीन बघ. माणसं तीच आहेत. बारसं गेल्या महिन्यात झालंय."

"तिला खांदा कुणी दिला? तेरावं कुणी घातलं? माणसाचे हक्क हवेत तर माणसाचं मरण घ्या म्हणावं, एकदाच, आणि खरंखुरं!" बाई ओरडल्या. गुणवंतरावांनी स्क्रीन बंद केला. या वेळी त्यांनी पेपर उघडला नाही.

जानेवारीत हळदीकुंकू झालं. गेल्या वर्षी पंधरा बायका होत्या, या वर्षी बसायला जागा नव्हती. पंजाबी शेजारणीही कुंकू लावून घेऊन सतरंजीवर टेकल्या. रिवाजाप्रमाणे पुरुषमाणसं बाहेर गेली, एक सोडून. गुणवंतराव दाराजवळच्या स्टुलावर बसून राहिले. एक बाई कुजबुजली, "काका इथेच?"

"त्यांना राहू दे," सुनंदाबाई म्हणाल्या. "त्यांचं काम आहे."

मग त्या उठल्या, पदर खोचला.

"पाटी नवी, रंग नवा, लिफ्टला मात्र तेच दार,
प्रभाला मारलं त्याच माणसांनी, गुणवंतराव साक्षीदार!"

सगळ्या बायका स्टुलाकडे बघू लागल्या. गुणवंतराव उभे राहिले. "हो," ते म्हणाले, "आहे."

हेमांगीनं मोबाइल खाली घेतला. "काकू, हा मराठी मंडळाच्याच ग्रुपवर टाकते. या वेळी चूक नाही होणार."

"सोसायटीच्या टाक. आणि खाली नव्या कंपनीचं पूर्ण नाव लिही, प्रायव्हेट लिमिटेडसकट," सुनंदाबाई म्हणाल्या. "नोटीस कुणाकडून येणार ते आधी ठरलेलं बरं."